परका कोण, हे कोणी ठरवावयाचे?

(एका अभ्यासवर्गापुढे दिलेल्या भाषणाची संहिता)



परदेशातून येऊन आपल्या देशात कायमची वस्ती करू पाहणाऱ्या माणसाविषयी निरनिराळ्या देशांतील जनतेचे मत काय असते, आणि ते देशोदेशी इतके भिन्न का असते, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो परक्या मुलखांचा विषय वाटेल. परंतु ज्यांच्या आजोबांनी गावकुसाबाहेरचे घर सोडून मुंबईच्या चाळीत किंवा नागपूरच्या गिरणीत आसरा घेतला, त्यांची नातवंडे आज टोरांटो, म्युनिक आणि सिडनी येथे शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. 'आम्ही येथे राहावे असे तुम्हांस वाटते काय?' हा प्रश्न त्यांनी कोणास विचारलेला नसतो. तरी त्याचे उत्तर त्यांना रोज मिळत असते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भाषणाच्या अखेरीस मी तुम्हांला आपल्याच देशाच्या ईशान्य सरहद्दीवर नेणार आहे. तेथे आपण पाहुणे नसून यजमान आहोत. तेथे पोहोचल्यावर तुमचे मत काय होते, ते तुम्हीच तपासून पाहावे.

प्रथम थोडे आकडे देतो. २०१८ साली अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने १८ देशांतील लोकांना एकच प्रश्न विचारला : बाहेरून आलेले लोक आपल्या श्रमाने व गुणांनी तुमच्या देशाला बळकट करतात, की नोकऱ्या व सरकारी साह्य घेऊन देशावर ओझे होतात? कॅनडात शंभरांतील ६८ जण म्हणाले, बळकट करतात. ऑस्ट्रेलियात ६४, ब्रिटनमध्ये ६२ आणि जपानमध्येसुद्धा ५९ जणांनी तेच सांगितले. उलट हंगेरीत 'बळकट करतात' असे म्हणणारे शंभरांत अवघे ५ निघाले आणि ७३ जणांनी 'ओझे' म्हटले. ग्रीसमध्ये 'ओझे' म्हणणारे ७४ होते. ज्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध एवढा मोठा लढा झाला, तेथेही ६२ जणांना शेजारच्या देशांतून आलेला माणूस ओझेच वाटला.

ह्या आकड्यांवरून कॅनडाचे लोक उदार आणि हंगेरीचे लोक कोत्या मनाचे, असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु मी वकील आहे. आरोपीचा स्वभावच तसा आहे, एवढ्यावर गुन्हा शाबीत होत नाही. तो येथेही होऊ देऊ नये. बरे, संख्येने पाहावे तर हिशेब उलटाच लागतो. कॅनडात शंभरांतील वीसांहून अधिक माणसे परदेशात जन्मलेली आहेत. हंगेरीत ती पाच-सहाच भरतात, आणि त्यांतही रुमानियातून आलेले हंगेरियन भाषक पुष्कळ आहेत. म्हणजे जेथे परका माणूस क्वचितच दृष्टीस पडतो, तेथे त्याचे भय अधिक. २०१५ साली हंगेरीच्या सरकारने रस्तोरस्ती मोठे फलक लावले. 'आमच्या देशात यावयाचे तर आमच्या लोकांच्या नोकऱ्या घेऊ नका', अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता, आणि तो होता हंगेरियन भाषेत. सीरियातून किंवा अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासिताला ती भाषा कोठून वाचता येणार? फलक कोणी वाचावेत म्हणून लावले होते, हे तुम्हांला सांगावयास नकोच. आणि ह्याच हंगेरीतून १९५६ च्या उठावानंतर सुमारे दोन लाख माणसे सरहद्द ओलांडून पळाली होती. त्यांपैकी सुमारे ३७ हजारांना एकट्या कॅनडाने घरात घेतले. तेव्हा एखाद्या देशाचे मत हे त्याच्या रक्तात असते, असे नाही. ते पुष्कळदा पेरले जाते. आणि पेरणारा बहुधा ओळखीचाच असतो.

आता अमेरिकेकडे वळू. परक्याविषयीचे जनमत हाच कायदा झाला म्हणजे काय होते, ह्याचा स्वच्छ दाखला तेथे आहे. आणि त्या दाखल्याचा नायक आपल्याच देशातला आहे.

भगतसिंग थिंड हा पंजाबातून अमेरिकेत गेलेला शीख तरुण. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितले. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी माणसाला नागरिक होता येई ते फक्त दोन प्रकारांनी : तो 'गोरा' असावा, किंवा आफ्रिकी वंशाचा असावा. १९२२ साली ओझावा ह्या जपानी गृहस्थाचा दावा फेटाळताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंडच्या वकिलांनी हेच सूत्र उचलले. आमचा अशील आर्य आहे, उच्च जातीचा आहे, सबब तो कॉकेशियन आहे, असे त्यांनी मांडले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. भारतातील उच्चवर्णीय हिंदू तेथील मूळच्या रहिवाशांकडे, विशेषतः विवाहसंबंधाच्या दृष्टीने, ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, अशा अर्थाचा युक्तिवाद त्यांनी आपल्या लेखी कैफियतीत केला. म्हणजे असे की, आम्हीही तुमच्यासारखेच खालच्यांना दूर ठेवणारे आहोत. सबब आम्हांस आत घ्या.

वकील अशिलासाठी हाती येईल ते हत्यार उचलतो, हे मी जाणतो. मीही उचललेली आहेत. तरीपण ही कैफियत वाचताना मान खाली जाते. आपल्या देशातील अन्याय हे परदेशात जाऊन दाखवावयाचे प्रशस्तिपत्रक आहे, असे एका बुद्धिमान माणसाला वाटावे! आणि त्याचा उपयोग तरी काय झाला? १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला. शास्त्रज्ञ वंशाविषयी काहीही म्हणोत, 'गोरा' ह्या शब्दाचा अर्थ सामान्य माणूस जो समजतो तोच कायद्याचा अर्थ होय, आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, असे त्यांनी ठरविले. तीनच महिन्यांपूर्वी शास्त्राचा शब्द वापरून एकाला बाहेर ठेवले होते. आता लोकसमजुतीचा शब्द वापरून दुसऱ्याला बाहेर ठेवले. ह्या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई हे त्यांपैकी एक. ज्या देशाला आपले मानले त्यानेच असे केल्यामुळे खचून त्यांनी १९२८ साली आत्महत्या केली. थिंडला नागरिकत्व मिळाले ते १९३६ साली, माजी सैनिकांसाठी केलेल्या निराळ्या कायद्याने. हिंदी माणसाला हिंदी म्हणून नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये उघडली, आणि तीही वर्षाला १०० माणसांपुरती.

१९६५ साली अमेरिकेने वंशावर व मूळ देशावर आधारलेली वाटणी रद्द केली. त्यावर्षी गॅलप संस्थेने लोकांना विचारले होते की, बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढवावी काय. 'वाढवावी' म्हणणारे शंभरांत ७ होते. ७! कायदे लोकमताच्या पाठोपाठ चालले असते तर तो कायदा झालाच नसता. पुढे १९९० नंतरच्या काही वर्षांत 'कमी करा' म्हणणारे शंभरांत ६५ पर्यंत गेले. २०२० साली इतिहासात प्रथमच 'वाढवा' म्हणणारे 'कमी करा' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त भरले. २०२४ मध्ये 'कमी करा' म्हणणारे पुन्हा ५५ झाले, आणि २०२५ मध्ये, म्हणजे अवघ्या एका वर्षात, ते ३० वर उतरले. दरम्यान सरहद्दीवरील गर्दी ओसरली होती आणि धरपकड व हद्दपारी लोकांच्या डोळ्यांसमोर सुरू झाली होती. देश तोच, माणसे तीच. मत मात्र पावसाळी आभाळासारखे. अशा मतावर कोणी आपल्या मुलाबाळांचे भवितव्य ठेवील काय?

कॅनडाविषयीही आपला एक गोड गैरसमज आहे. हाच कॅनडा १९१४ साली कोमागाता मारू जहाजावरील ३७६ प्रवाशांना, ज्यांत बहुतेक पंजाबी होते, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने खोळंबून ठेवणारा देश होय. त्यांपैकी थोड्यांस उतरू दिले आणि बाकीच्यांस जहाजासह परत हाकलले. मूळ देशातून न थांबता थेट प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश, असा नियम त्यांनी १९०८ पासून केला होता. नियमात वंशाचे नाव नव्हते. परंतु भारतातून असा थेट प्रवास होऊच शकत नव्हता. आमच्या धंद्यात असल्या मसुद्याला फार हुशार मसुदा म्हणतात. चिनी माणसांवर आधी डोईपट्टी बसविली होती, आणि १९२३ ते १९४७ त्यांना दार जवळजवळ बंदच होते. २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी कोमागाता मारूबद्दल संसदेत माफी मागितली. मधल्या काळात कॅनडाच्या लोकांचे रक्त बदलले नाही, नियम बदलले. १९६७ साली तेथे गुणांकाची पद्धत आली. शिक्षण किती, भाषा येते काय, काम कोणते, वय काय, ह्याला गुण. जन्म कोठला आणि वर्ण कोणता, ह्याला गुण नाहीत. आणि जो येईल तो काही वर्षांत नागरिक व्हावयाचा आहे, असे धरूनच त्यास आत घ्यावयाचे. शेजारी उद्याचा मतदार आहे हे एकदा ठरले की त्याच्याशी बोलण्याची रीत आपोआप बदलते. अर्थात कॅनडाला तीन बाजूंनी महासागर आहे, त्यामुळे दारातून कोणाला घ्यावे हे शांतपणे निवडता येते, हेही विसरू नये. ग्रीसला ती सवड नाही.

आणि तरीही त्याच कॅनडात मत फिरले. तेथील एन्व्हायरॉनिक्स ही संस्था अनेक वर्षे हा प्रश्न विचारीत आली आहे. 'फार माणसे येत आहेत' असे म्हणणारे २०२२ मध्ये शंभरांत २७ होते. २०२३ मध्ये ४४ झाले, २०२४ मध्ये ५८. सरकारने २०२५ सालचे ५ लाखांचे उद्दिष्ट ३ लाख ९५ हजारांवर आणले. परंतु लोकांना कारण विचारता जे उत्तर पुढे आले ते पाहा : घरे मिळत नाहीत, भाडी परवडत नाहीत, अर्थस्थिती ठीक नाही. येणारा माणूस कोणत्या वर्णाचा, ही तक्रार अग्रभागी नव्हती. ही तक्रार मला रास्त वाटते. आपल्या घरात किती माणसे मावतील हे बोलण्याचा हक्क घरातल्यांना आहे, आणि जो कोणी असे बोलेल त्याला वंशद्वेष्टा म्हणणे हा आपल्या काही पुरोगामी मित्रांचा आळस आहे. आपली मुले तेथे आहेत म्हणून आपण हे नाकारू नये.

परंतु 'किती घ्यावेत' हा एक प्रश्न आहे, आणि 'जो आत आलेला आहे, वर्षानुवर्षे राबतो आहे, तो आपल्यातला आहे की नाही' हा दुसरा. जनमत ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच श्वासात देते. कायद्याने त्यांची फारकत केली नाही तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर स्वित्झर्लंडला चला. तेथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडने इटलीतून मोठ्या संख्येने मजूर आणले. त्यांतील हंगामी मजुरांना वर्षातून नऊ महिने कामाचा परवाना असे. बायकामुले आणण्याची परवानगी नसे. काहींनी मुले चोरून आणली. आईबाप कामावर गेले की ही मुले दिवसभर आवाज न करता घरात दडून राहत. शेजाऱ्याने तक्रार केली तर हद्दपारी. त्या मुलांना पुढे 'कपाटातली मुले' असे नाव पडले. १९७० साली श्वार्ट्सेनबाख नामक पुढाऱ्याने सार्वमत घडवून आणले. बहुतेक प्रांतांत परकीयांचे प्रमाण शंभरांत १० च्या वर जाऊ देऊ नये, अशी मागणी होती. ती मान्य झाली असती तर सुमारे ३ लाख माणसांना देश सोडावा लागला असता. शंभरांतील ४६ मते मागणीच्या बाजूने पडली, ५४ विरुद्ध, थोडक्यात निभावले. मतदार सगळे पुरुष होते, कारण स्वित्झर्लंडने स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार दिला तो १९७१ साली. जगातील अत्यंत जुनी लोकशाही म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिची ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या देशात नागरिकत्व आधी गाव देते. गाव, मग प्रांत, मग संघराज्य. ल्युसर्न प्रांतात एमेन नावाची एक नगरपालिका आहे. तेथे मार्च २००० मध्ये प्रत्येक अर्जदाराला नागरिक करावे की नाही, हे मतपेटीने ठरविण्यात आले. अर्जदारांची माहिती छापून मतदारांना घरपोच देण्यात आली. २३ अर्ज होते, माणसे ५६. मंजूर झाले ४ अर्ज, माणसे ८; सगळी इटालियन. तीस वर्षांपूर्वी ज्यांना हाकलण्यासाठी सार्वमत झाले होते, ते इटालियन आता आपले ठरले, आणि युगोस्लाव्हियातून आलेली कुटुंबे परकी. कारण कोणालाच देण्यात आले नाही. मतपेटी कारण देत नसते.

येथे माझी एक आठवण सांगू द्या. कायद्याच्या शिक्षणासाठी मी गावाहून शहरात आलो, तेव्हा एका घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी पाहिली. घरमालक सभ्य गृहस्थ होते. चहा दिला, गुण किती ते विचारले, कौतुक केले. मग आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी खोली दिली गेल्याचे कळले. पाटी मात्र आठवडाभर तशीच होती. मी कोणाकडे दाद मागणार होतो? त्यांनी मला शिवी दिली नव्हती, अपमान केला नव्हता, कारणही दिले नव्हते. कारण दिले असते तर ते खोटे म्हणून दाखविता आले असते, खरे असेल तर बेकायदेशीर म्हणून लढता आले असते. न दिलेल्या कारणाविरुद्ध अपील नाही. एमेनच्या त्या अर्जदारांची हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा ते परदेशातले आहेत हे माझ्या ध्यानातही आले नाही.

नाकारलेल्या काहींनी दाद मागितली. ९ जुलै २००३ रोजी स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने ही मतपेटी घटनाबाह्य ठरविली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नागरिकत्वाच्या अर्जावरील निर्णय हा एका व्यक्तीच्या हक्काविषयीचा निर्णय आहे, तो फेटाळावयाचा तर कारण दिले पाहिजे, कारण दिल्यावाचून भेदभाव झाला की नाही हे तपासता येत नाही, आणि गुप्त मतदान कारण देऊ शकत नाही, म्हणून ह्या कामी ते चालणार नाही. निकालावर मोठी ओरड झाली. न्यायाधीशांनी जनतेचे सार्वभौमत्व हिरावून घेतले, असे म्हटले गेले. आपल्याकडे असल्या वेळी जे म्हणतात तेच.

पुढे हाइनम्युलर आणि हांगार्टनर ह्या दोन संशोधकांनी स्वित्झर्लंडच्या नगरपालिकांचे दप्तर तपासले. १९७० ते २००३ मधील सुमारे २,४०० मतदानांचा अभ्यास करता दिसले की, अर्जदाराचे भाषाज्ञान, नोकरी, तेथील वास्तव्य ह्या कशाहीपेक्षा त्याचा मूळ देश निर्णायक ठरला होता. सारख्याच लायकीच्या दोघांपैकी युगोस्लाव्हियातून किंवा तुर्कस्तानातून आलेल्याच्या विरुद्ध पडणारी मते, उत्तर व पश्चिम युरोपातील श्रीमंत देशांतून आलेल्याच्या मानाने शेकडा ४० नी अधिक असत. नंतर त्यांनी सुमारे १,४०० नगरपालिकांत निर्णय मतदारांकडून निवडून आलेल्या सदस्यांकडे गेल्यावर काय झाले, हे पाहिले. नागरिकत्व मिळण्याचे प्रमाण शेकडा सुमारे ६० नी वाढले. हे सदस्य काही संत नव्हते. त्याच गावचे, त्याच समजुतींचे लोक, आणि पुन्हा त्याच मतदारांपुढे जाणारे. परंतु त्यांना नकाराचे कारण लिहून खाली सही करावी लागे, आणि तो कागद न्यायालयात जाऊ शके. 'तुझे नाव मला आवडत नाही' असे सही करून कोण लिहील?

ह्या प्रकरणाचा सर्वांत आशादायक भाग मात्र मला पुढचा वाटतो. जून २००८ मध्ये नागरिकत्वाचे अर्ज मतपेटीने ठरविण्याचा अधिकार परत मिळावा म्हणून राष्ट्रव्यापी सार्वमत झाले. शंभरांतील जवळजवळ ६४ मतदारांनी तो अधिकार नाकारला. शेजाऱ्याची माहिती हाती देऊन 'हा हवा की नको?' असे विचारले तेव्हा जे लोक नाव पाहून ठरवीत, त्याच देशाच्या लोकांनी, 'असे विचारण्याची रीत असावी काय?' ह्या प्रश्नाला नाही म्हटले. तेव्हा जनमत म्हणून जे काही आहे, ते प्रश्न कसा विचारला ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. ह्याच मतदारांनी २०१४ साली परदेशी माणसांच्या संख्येला मर्यादा घालण्याचा ठराव ५०.३ टक्क्यांनी मान्य केला होता, हेही सांगितले पाहिजे. तो संख्येचा प्रश्न होता आणि तो विचारण्यात गैर काही नव्हते.

आता कबूल केल्याप्रमाणे मी तुम्हांला अरुणाचल प्रदेशात नेतो.

पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगराळ मुलखात कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण झाले, ते १९६२ च्या सुमारास पुरे झाले. सुमारे एक लाख माणसे, बहुतांश चकमा, पाण्याने उठविली. त्यांपैकी पुष्कळजण १९६४ मध्ये भारतात आले, आणि हाजोंग कुटुंबांसह त्यांतील काहींना भारत सरकारने त्या वेळच्या ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसविले. जमीन दिली, प्रत्येक कुटुंबास ४,२०० रुपये साह्य मंजूर केले. चोरून आलेली ही माणसे नव्हेत. सरकारनेच आणून बसविलेली होत. तीस वर्षांनंतर तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना नोटीस दिली : ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत राज्य सोडा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली त्यांनी केलेले अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतून दिल्लीला पाठवावयाचे असतात. ते पाठविलेच जात नव्हते. अर्ज नामंजूर नव्हता, मंजूर नव्हता, टेबलावर होता. एमेनमध्ये निदान मतमोजणी तरी झाली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण नागरिकाला आहे तसेच प्रत्येक माणसाला आहे. जमावाच्या धमकीपुढे राज्य सरकारने हात टेकता कामा नये. कायद्याच्या मार्गावाचून एकाही चकमाला हुसकावता येणार नाही. आणि आलेला अर्ज नोंदवून केंद्र सरकारकडे पाठविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, तो दाबून ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. ह्या निकालपत्रात चकमांची संख्या अंदाजे ६५,००० दिली आहे.

चकमा हे बौद्ध आहेत, म्हणून तुमचे मन एव्हाना त्यांच्या बाजूला झुकले असेल. ते तसे सहज झुकू नये अशी माझी इच्छा आहे. ज्यांच्याविषयी तोच प्रश्न आहे ते हाजोंग हिंदू आहेत. आणि ज्या भागात ह्या लोकांना वसविले, तेथील खामती आणि सिंगफो ह्या जमाती स्वतःच शेकडो वर्षांच्या बौद्ध आहेत. म्हणजे विहारात एकच वंदना म्हणणारी माणसे ह्या वादात दोन्ही बाजूंना आहेत. आणि स्थानिक जमातींचे भय खोटे नाही. त्यांची संख्या थोडी, जमीन एवढाच आधार. १८७३ च्या नियमापासून चालत आलेल्या प्रवेशपरवान्याच्या कुंपणामुळे ती जमीन आजवर टिकली. शेजारच्या त्रिपुरात मूळ रहिवासी आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आम्हांला न विचारता दिल्लीने पाहुणे आणून बसविले, असे त्यांचे म्हणणे आहे. निकालपत्रात मात्र जमीन स्थानिकांच्या विचारविनिमयाने दिल्याची नोंद आहे. दिल्लीने हा भार एकट्या अरुणाचलावर का टाकावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्लीने द्यावयाचे आहे. परंतु ते उत्तर दिल्लीकडून वसूल करण्यासाठी साठ वर्षांपूर्वी आणलेल्या माणसाचा अर्ज टेबलाच्या खणात ठेवणे, हा काही मार्ग नव्हे.

१७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हुकूम दिला : पात्र चकमा व हाजोंग यांच्या नागरिकत्वाचे काम शक्यतो तीन महिन्यांत पुरे करा. तीन महिने केव्हाच उलटले. १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी चकमांना अरुणाचलाबाहेर हलविण्याचा मनोदय जाहीर केला. स्वातंत्र्यदिनच त्यासाठी निवडला गेला, ह्यावर मी काही बोलत नाही.

कायद्याची एक बारीक गाठ तेवढी दाखवून ठेवतो, कारण ती वर्तमानपत्रांत येत नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. त्याचे आईबाप कोण हे पाहावे लागत नाही. अरुणाचलात १९६४ नंतर जन्मलेली कितीतरी चकमा मुले म्हणूनच नागरिक आहेत, कोणास आवडो वा न आवडो. परंतु त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही सरहद्दीपलीकडून आलेले असतील, तर आईबापांचा अर्ज ज्या खणात आहे त्याच खणात मुलाचे नागरिकत्वही अडकते. एका कारकुनाने न पाठविलेला कागद अशा रीतीने पुढच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत येऊन पोहोचतो.

१९९६ चे निकालपत्र लांब नाही. तासाभरात वाचून होते. त्याचे मराठी भाषांतर मी स्वतः करून ठेवले आहे. पुढच्या बैठकीला येताना ते वाचून या. आणि अरुणाचलातील एखादा खामती विद्यार्थी आपल्या शहरात शिकावयास असेल तर त्यालाही बोलवा. त्याची बाजू मी जेवढी मांडली, त्याहून ती तो नक्कीच चांगली मांडील.